टॉप फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये स्टीम शॉवर: ३ किलोवॉट पुरेल का, आणि मशीन ठेवायचं कुठे?

ओलीभिंत

मंडळी, बाणेरच्या फ्लॅटमधल्या मास्टर बाथरूमचं तोडकाम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. टाइल निघणारच आहेत, तर त्यातच स्टीम शॉवर बसवून घ्यावा असं चाललंय. परिस्थिती अशी:

बाथरूम ८ × ५ फूट, उंची ९ फूट ३ इंच. आतल्या टोकाचा ५ × ३.५ फुटांचा भाग काचेने बंद करायचा. त्या भागाची मागची भिंत बाहेरची आहे. तिच्यात डक्टकडे उघडणारी लूव्हरची खिडकी आहे, २ फूट रुंद, दीड फूट उंच, तळ साडेसहा फुटांवर. बाथरूमला हवा यायला तेवढी एकच जागा. इमारत मायवानची (साच्यात ओतलेली), भिंती सगळ्या काँक्रीटच्या. मजला शेवटचा, पाण्याची टाकी जवळजवळ डोक्यावरच. पाणी टँकर आणि बोअरचं मिसळलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर ६२० दाखवतं.

विक्रेत्याचं म्हणणं असं की ५० घनफुटांना १ किलोवॉट धरतात, तेव्हा वाफ तयार करणारं ३ किलोवॉटचं मशीन पुरे. गीझरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर चालेल. मशीन पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर ठेवू आणि वाफेची लाइन सीपीव्हीसीची टाकू, "गरम पाण्यालाच तर असतो तो पाइप".

यातलं किती बरोबर आहे? खालच्या मजल्यावरच्यांचं छत या बाथरूममुळे एकदा ओलं झालेलं आहे, त्यामुळे वॉटरप्रूफिंगबद्दलही सांगा.

घनफूट

विक्रेत्याचं गणित हवेचं आहे. स्टीमरूममध्ये हवेला फारसं काही लागतच नाही. तुमच्याच आकड्यांवर करून बघू.

छत साडेसात फुटांवर उतरवलं तर ५ × ३.५ × ७.५ = १३१ घनफूट, म्हणजे ३.७ घनमीटर. ४५ अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरला साधारण ६५ ग्रॅम बाष्प मावतं. अख्ख्या खोलीचं मिळून झालं पाव लिटर पाणी. ३ किलोवॉटचं मशीन एकदा उकळी फुटली की मिनिटाला ७० ग्रॅम वाफ देतं. म्हणजे चार मिनिटांत खोली धुक्याने भरायला हवी. शोरूममधल्या ॲक्रिलिकच्या केबिनमध्ये तसं होतंही, म्हणून गिऱ्हाईक खूश.

तुमच्याकडची वाफ पिणार आहेत भिंती. तीन भिंती आणि छत धरून साधारण १० चौरस मीटर टाइल. टाइल, खालचं ॲडहेसिव्ह आणि समोरची १० मिमी काच यांचं वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. ते २५ अंशांवरून ४५ वर न्यायला दीड युनिटहून जास्त ऊर्जा लागते. ३ किलोवॉटला नुसतं यालाच अर्धा तास. आणि टाइलच्या मागे मायवानची भिंत आहे, ती उष्णता ओढतच राहते. म्हणजे तुम्ही अर्धा तास कोमट धुक्यात बसून राहणार आणि शेवटी गरम पाण्याचा शॉवर घेऊन बाहेर येणार.

म्हणून घनफळात भर घालून मशीन निवडतात. बाहेरच्या भिंतीसाठी १५ टक्के, उघड्या काँक्रीटसाठी २५ टक्के धरा. १३१ चे १८८ होतात. टाइलच्या खोलीला ३० घनफुटांमागे १ किलोवॉट धरलं तर ६ किलोवॉट. छत ९ फूट ३ इंचांवरच ठेवलंत तर घनफळ १६२ पासून सुरू होतं आणि ६ सुद्धा रडतखडत चालेल. वाफ वर जाते, माणूस खाली बसतो. वरचे दोन फूट तापवून कुणाला उपयोग नाही.

भिंतीला इटालियन मार्बल किंवा ग्रॅनाइट लावायचं मनात असेल तर आत्ताच सांगा. जाड दगडाला दीडपट धरावं लागतं, मग ९ किलोवॉट आणि थ्री फेज.

पैसे मशीनवर घालण्याऐवजी भिंतीवर घालता येत असतील तर ते जास्त चांगलं. काँक्रीटपुढे जीआय चॅनलची फ्रेम, मध्ये २५ मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा घट्ट फोम) आणि वर सिमेंट बोर्ड. दोन-अडीच इंच जागा जाते, पण भिंत उष्णता ओढायची थांबते आणि पाइप न्यायला पोकळी मिळते. मायवानच्या भिंतीला झिरी मारायची नसते, त्या भिंती भार घेणाऱ्या आहेत. तेव्हा पोकळी तुम्हाला तशीही लागणारच.

सपे_उपद्व्यापी

मधेच एक. त्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का? असेल तर काम सुरू व्हायच्या आधी तो बाहेर काढा. खिडकी बुजवून दरवाजाला सील लावलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास येत नाही, कळतही नाही. स्टीम राहू द्या, नुसती खिडकी बंद करणार असाल तरी हेच.

फेज_न्यूट्रल

६ किलोवॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे २६ अँपिअर, आणि तेही सलग पंधरा-वीस मिनिटं. १६ अँपिअरच्या प्लग-टॉपवर हे लावलं तर पहिल्या महिन्यात पिन काळी पडेल, दुसऱ्या महिन्यात सॉकेट वितळेल. गीझरला चालतं कारण तो २ किलोवॉटचा असतो आणि पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडतो.

डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या डब्यापासून) स्वतंत्र लाइन ओढा. ६ चौ. मिमी तांब्याच्या तीन वायरी (फेज, न्यूट्रल, अर्थ), ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी, त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच). तो ४० अँपिअरचा घ्या. घराला एकच कॉमन आरसीसीबी असेल तर स्टीमसाठी वेगळा बसवा, नाहीतर एलिमेंट जरा ओलावला की अख्ख्या घराचे दिवे जातील आणि कुठे गडबड आहे ते शोधत बसाल. मशीनशेजारी प्लग-टॉप नको, आयसोलेटर हवा आणि तोही काचेच्या बाहेर. कनेक्शन टर्मिनलला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून करा. वायर नुसती पिळून स्क्रूखाली दिलेली असते, आणि बहुतेक जळालेल्या मशीनमध्ये सुरुवात तिथूनच झालेली दिसते.

आता महावितरणचं बिल काढा आणि त्यावरचा 'मंजूर भार' बघा. समजा ५ किलोवॉट आहे. एकटं स्टीमच ६ चं. त्यात सकाळी दुसऱ्या बाथरूममध्ये गीझर, किचनमध्ये इंडक्शन. भार वाढवून घ्यायचा अर्ज ऑनलाइन करता येतो, तो काम सुरू व्हायच्या आधी करा. सिंगल फेजवरच राहणार असाल तर गीझर आणि स्टीम एका वेळी चालू होणार नाहीत असा कॉन्टॅक्टरचा इंटरलॉक लावून घ्या. डीबीत दोन खणांची जागा लागते, बस्स. इन्व्हर्टरच्या लाइनवर यातलं काहीही द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. एलिमेंटची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. संध्याकाळी तुमच्याकडे २०० व्होल्ट येत असतील तर ६ किलोवॉटचं मशीन साडेचारच देतं. "सकाळी मस्त वाफ येते, रात्री येत नाही" ही तक्रार असेल तर मशीन उघडण्याआधी मल्टिमीटर लावा.

आतला दिवा १२ किंवा २४ व्होल्टचा, आयपी६५, ड्रायव्हर बाहेर. आत एकही स्विच नको. मशीनचं कंट्रोल पॅनल वाफेत टिकणारं असेल तरच आत लावायचं. टेम्परेचर सेन्सर साडेचार-पाच फुटांवर, दारापासून लांब आणि वाफेच्या तोंडाच्या बरोब्बर वर नाही. तोंडावर लावला तर त्याला दोन मिनिटांत ४५ दिसतात, तो मशीन तोडतो आणि तुम्ही थंडीत बसता.

ओलीभिंत

धन्यवाद, डोळे उघडले. गॅस गीझर नाही, सोलर आणि इलेक्ट्रिक आहे. भार ५ च निघाला! अर्ज टाकतो.

मशीन मात्र सीलिंगवर ठेवण्याशिवाय पर्याय दिसत नाही. ड्राय बाल्कनी स्वयंपाकघराच्या पलीकडे आहे, तिथून पाइप १२-१३ मीटर होईल. बाथरूमच्या कोरड्या भागात बेसिनचा काउंटर आहे, त्याखाली कपाट.

पाना_नंबर_१४

काउंटरखालीच ठेवा. तुमच्या बाबतीत सीलिंगवर ठेवलेलं मशीन चालणारच नाही. कारण वजन नाही, पाण्याचा दाब आहे.

१० मीटर उंचीला १ बार. टाकी डोक्यावर आहे म्हणताय, म्हणजे बेसिनच्या नळाला फार तर ३ मीटरचं पाणी, ०.३ बार. मशीन सीलिंगवर नेलं की त्यातले दोन मीटर गेले, उरला ०.१. मशीनमध्ये पाणी घेणारा सोलेनॉइड वॉल्व्ह बहुधा पायलट पद्धतीचा (पाण्याच्याच दाबाच्या मदतीने उघडणारा) असतो, त्याला उघडायलाच ०.३ ते ०.५ बार लागतात. कॉइल टक् असा आवाज करते, पाणी येत नाही, थोड्या वेळाने पॅनलवर 'लो वॉटर'. मग कंपनीचा माणूस येतो, कार्ड बदलतो, पैसे घेतो आणि परत तेच. खाली ठेवूनही काठावरचाच दाब आहे, म्हणून एक तर शून्य दाबावर उघडणारा डायरेक्ट ॲक्टिंग सोलेनॉइड मागा, नाहीतर बाथरूमच्या लाइनला छोटा प्रेशर पंप लावा. शॉवरलाही त्याचा फायदा होईल. इनलेटला बॉल वॉल्व्ह आणि वाय स्ट्रेनर (गाळणी) पाहिजेच. टँकरच्या पाण्यात बारीक वाळू येते, ती सोलेनॉइडच्या सीटवर बसली की वॉल्व्ह थेंब थेंब गळत राहतो आणि मशीनची टाकी नको तेवढी भरते. मग वाफेच्या तोंडातून वाफेऐवजी उकळतं पाणी थुंकलं जातं.

ज्यांना सीलिंगवरच ठेवायचं आहे (खालच्या मजल्यांवर दाब भरपूर असतो), त्यांनी २ × २ फुटांचा ट्रॅपडोअर, मशीनखाली स्टीलचा ट्रे आणि ट्रेला स्वतंत्र ड्रेन एवढं केल्याशिवाय ठेवू नये.

आता वाफेची लाइन. सीपीव्हीसीची मर्यादा ९३ अंश, वाफ १००. पाइप लगेच फुटत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतो. तो मऊ पडतो, दोन क्लॅम्पच्या मध्ये झोळ येतो, झोळात पाणी साचतं, ते वाफेची वाट अडवतं, मशीनमध्ये दाब चढतो. पीपीआरचीही तीच गत. तांबं घ्या, नाहीतर ३०४ स्टील. मशीनच्या आउटलेटचा जो साइज असेल तोच शेवटपर्यंत, मध्ये कुठेही बारीक करायचा नाही. तांब्याचे सांधे ब्रेझिंगने (धातू वितळवून जोडून). मशीनपाशी एक पितळी युनियन (खोलता येणारा जोड), म्हणजे पुढे मशीन काढताना पाइप कापावा लागणार नाही.

या लाइनवर वॉल्व्ह लावायचा नाही. कुठलाच नाही. प्लंबरला सवय असते, प्रत्येक लाइनला एक कॉक बसवायची. तो कुणीतरी चुकून बंद केला तर तुमच्याकडे नुसत्या शिट्टीच्या भरवशावरचा कुकर तयार झाला. शिट्टी म्हणजे मशीनचा सेफ्टी वॉल्व्ह, साधारण १ ते १.५ बारला उडतो. त्याचं तोंड पाइपने खाली आणून जमिनीच्या चार-सहा इंच वर मोकळं सोडा. "पाणी गळतंय" म्हणून त्याला प्लग मारणारे महाभाग असतात.

ढाळ फुटाला दोन सूत (पाव इंच), सलग एकाच दिशेने. काउंटरखाली मशीन भिंतीला ब्रॅकेटवर सहा-आठ इंच उचला. आउटलेट दोन फुटांच्या आसपास येईल. तिथून घनफूट म्हणतायत त्या पोकळीतून वाफेच्या तोंडापर्यंत उतरता पाइप. अंतर दोन-अडीच मीटर, यापेक्षा चांगलं काय हवं. पाइपवर १३ मिमी नायट्राइल रबरचं आवरण घाला. १५ मिमी पाइप आणि दोन्हीकडून आवरण मिळून ४१ मिमी होतात, म्हणजे पोकळी दोन इंचांची ठेवलीत तर बसतं. आवरण दाबून चपटं करून कोंबायचं नाही. बारा मीटर लांबून आणलेल्या लाइनमध्ये काही वाफ वाटेतच पाणी होते, तेव्हा ड्राय बाल्कनी विसरा.

वाफेचं तोंड जमिनीपासून दहा-बारा इंचांवर, तोंड खाली करून. बसायच्या जागेखाली किंवा पाय टेकतील तिथे अजिबात नको. ते तोंड आणि त्याच्यापुढचा वीतभर भाग भाजतो. समोरच्या कोपऱ्यात ठेवा.

मशीनची ड्रेन लाइन सीपीव्हीसीची चालेल, पीव्हीसी नको. ती कोरड्या भागातल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडा, स्टीमच्या भागात नाही. ऑटो फ्लश (मशीन स्वतःची टाकी आपोआप रिकामी करतं तो) सुरू असताना आत कुणाचे पाय असतील सांगता येत नाही. आणि काउंटरच्या कपाटाला लूव्हरची दारं लावा, मशीनच्या बाजूंना फूटभर जागा सोडा. बंद प्लायच्या खोक्यात कंट्रोल कार्ड उकडून मरतं.

तिरकी_टाइल

वरच्यांनी मशीनबद्दल सगळं सांगितलं. मशीन बदलता येतं. खोकं चुकलं तर परत फोडावं लागतं.

शॉवरचं वॉटरप्रूफिंग आणि स्टीमचं वॉटरप्रूफिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शॉवरमध्ये पाणी खाली जातं. वाफ सगळीकडे जाते, छतातून वरही. आपल्याकडे सर्रास लावतात ते पॉलिमर-सिमेंटचे दोन हात पाणी अडवतात, पण बाष्प त्यातून पार होतं. ते मागच्या थंड भिंतीवर पोचलं की तिथे पाणी होतं. पलीकडच्या बेडरूमचा रंग फुगतो आणि सगळे प्लंबिंगमध्ये लीक शोधत बसतात. म्हणून जमिनीला नेहमीचं वॉटरप्रूफिंग, आणि भिंती व छताला त्यावर बाष्प अडवणारं मेंब्रेन: पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीचं लिक्विड मेंब्रेन. कंपनीच्या डेटाशीटवर बाष्पाचा परमिअन्स (किती बाष्प पार होतं ते माप) ०.५ पर्मच्या खाली लिहिलेला असला पाहिजे. शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी सिलिका वाळू फेकून घ्या, नाहीतर त्या गुळगुळीत थरावर टाइल धरणार नाही. कोपऱ्यांत आणि पाइप बाहेर येतो तिथे फॅब्रिकची पट्टी.

जमिनीचं म्हणाल तर संकन स्लॅबपर्यंत (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबपर्यंत) उकरा. जुना कोबा तसाच ठेवून वर केमिकल मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. नवीन कोब्यानंतर नहाणीचं तोंड बंद करून ४८ ते ७२ तास पाणी तुंबवून ठेवायचं, पातळीवर पेन्सिलची खूण करायची आणि खालच्यांना छत बघायला स्वतः बोलवायचं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूम-संडासातून होणारी अंतर्गत गळती सभासदाच्या खर्चाची असते. तेव्हा ही तीन दिवसांची घाई परवडणारी नाही.

छताला पीओपी किंवा जिप्सम नको. दमट हवेत दोन पावसाळ्यांत पीठ होतं. जीआय चॅनलवर सिमेंट फायबर बोर्ड, त्याला खालून मेंब्रेन आणि एक फुटाच्या आतली पातळ टाइल. छत सपाट ठेवू नका. सपाट छतावर जमलेलं पाणी थेंब थेंब नेमकं डोक्यावर पडतं. फुटाला दीड इंच ढाळ मागच्या भिंतीकडे द्या. म्हणजे काचेपाशी साडेसात फूट आणि मागे सात फूट एक इंच. पाणी भिंतीवरून ओघळून जातं.

यातच तुमचा खिडकीचा प्रश्न सुटतो. खिडकी साडेसहा ते आठ फुटांत आहे, छत मागे सात फूट एक इंचांवर. छताखालचा भाग ब्लॉकने बुजवून मेंब्रेनखाली घ्या. छतावरच्या पोकळीत जो अकरा इंचांचा भाग उरतो, त्यातून चार इंची पाइप डक्टमध्ये काढा. एक्झॉस्ट फॅन बाथरूमच्या कोरड्या भागात बसवा आणि त्याची हवा या पाइपने बाहेर. काचेच्या आत फॅन नको. स्टीम संपल्यावर दार उघडायचं आणि फॅन अर्धा तास चालवायचा.

टाइलला आयएस १५४७७ या भारतीय मानकातलं टाइप ३ किंवा ४ चं ॲडहेसिव्ह, पाठीला पूर्ण फासून. पाच टिकल्या मारून चिकटवलेल्या टाइलच्या मागे पोकळी राहते आणि पोकळीत पाणी. सांधे इपॉक्सी ग्राउटने. काळा दगड, मार्बल, कोटा वगैरे आत नकोच. मार्बल पाणी पितो, डाग धरतो, आणि लोखंडाचा अंश असलेला दगड पिवळा पडतो. जमिनीला मॅट, अँटिस्किड टाइल आणि ढाळ फुटाला दोन सूत. बसायचा कट्टा सोळा-सतरा इंच उंच, त्यालाही पुढे उतार.

काच १० मिमी टफन, आयएस २५५३ चा शिक्का असलेली. माप टाइल पूर्ण लागल्यावरच घ्यायचं, आणि रुंदी खाली, मध्ये, वर अशी तीन ठिकाणी मोजायची. टफन काच नंतर कापताही येत नाही, घासताही येत नाही. भिंत ओळंब्यात चार सूत बाहेर असेल तर तेवढी फट सिलिकॉनने भरत बसाल. काच छतापर्यंत, दाराच्या वर उघडता येणारी पट्टी. दार बाहेर उघडणारं आणि आतून कडी नाही. बिजागऱ्या पितळी किंवा ३१६ स्टीलच्या. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर, आंबट वासाचं नको.

मार्बलप्रेमी

मार्बल अगदीच वर्ज्य नाही हो. सहाही बाजूंनी चांगलं सीलर मारलं तर भिंतीला चालतो.

तिरकी_टाइल

चालतो, दर वर्षी परत सीलर मारणार असाल तर. आणि घनफूट यांचं दीडपटीचं गणित मग लागू होतं.

क्षार_साहेब

पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. टीडीएस ६२० म्हणजे जडपणा ६२० नव्हे. टीडीएसमध्ये मीठही येतं. जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं, त्याने बघा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये २०० मिग्रॅ प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे. बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी त्याच्या वर सहज जातं. खडकवासला धरणाचं पाणी त्या मानाने मऊ असतं, पण तुमच्या टाकीत टँकर आणि बोअरची मिसळ.

समजा जडपणा ४०० निघाला. ६ किलोवॉटचं मशीन तासाला ८ लिटरच्या आसपास पाणी उकळतं, वीस मिनिटांत पावणेतीन लिटर. वाफ जाते, क्षार मागे राहतो. सगळा खाली बसला असं धरलं तर एका वेळेला एक ग्रॅमहून जास्त, शंभर वेळांत शंभर ग्रॅमच्या वर. तो एलिमेंटवर बसतो, एलिमेंटची उष्णता पाण्यात जात नाही, मग तो आतल्या आत जळतो.

काहीजण आरओचं पाणी जोडतात. तसं करू नका. बऱ्याच मशीनमध्ये पाण्याची पातळी प्रोब ओळखतो, तोही पाण्यातून वीज वाहते की नाही त्यावरून. आरओच्या पाण्यातून पुरेशी वाहत नाही. प्रोबला टाकी रिकामीच वाटते आणि सोलेनॉइड भरतच राहतो. मिठाने धुवायचा रेझिनचा सॉफ्टनर लावा, त्याच्या पाण्यात विद्युतवाहकता टिकते. निव्वळ स्टीमच्या लाइनला लावायचा तर अगदी लहान पुरतो. शॉवरलाही द्यायचा असेल तर मोठा घ्या.

सॉफ्टनर असो वा नसो, दर तीस-चाळीस वापरांनंतर सायट्रिक ॲसिड: टाकीच्या लिटरमागे ५० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून टाकीत ओतायचं (मशीनला त्यासाठी प्लग असतो, घेतानाच बघून घ्या), तासभर ठेवायचं, सोडून द्यायचं आणि तीनदा साध्या पाण्याने फ्लश. त्यादिवशी आत कुणी बसायचं नाही. संडास धुवायचं ॲसिड कधीही नाही. त्यातला क्लोराइड स्टीलच्या टाकीला टाचणीएवढी भोकं पाडतो.

ओलीभिंत

सगळं लिहून घेतलं. दोन शेवटचे प्रश्न. एका वेळेला वीज किती जाईल? आणि घरी सगळ्यांना गीझरची सवय आहे, वापर झाला की लगेच बटण बंद. याचंही तसंच करायचं ना?

फेज_न्यूट्रल

पहिले तीन-चार मिनिटं नुसतं पाणी उकळण्यात जातात, मग पंधरा मिनिटं खोली तापण्यात. त्यानंतर पॅनल ४३ ते ४५ अंशांवर मशीन चालू-बंद करत राहतं. अर्धा तास सलग चाललं तरी ३ युनिट, प्रत्यक्षात अडीचच्या आसपास. तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त आत बसू नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नका.

बटणाचं मात्र उलट आहे. पॅनलवरून बंद करायचं, आयसोलेटर चालू ठेवायचा. ऑटो फ्लशला पाणी निवायला तासभर लागतो, मग तो ड्रेन वॉल्व्ह उघडतो. आयसोलेटर लगेच पाडलात तर फ्लश होतच नाही, क्षाराचं पाणी टाकीत तसंच राहतं आणि तुम्ही मात्र फ्लशवालं मशीन घेतलं म्हणून निर्धास्त.

पाना_नंबर_१४

आयसोलेटरवर चिठ्ठी चिकटवा: "एक तास बंद करू नये." आणि काउंटरच्या कपाटाचं दार लावायच्या आधी, सिमेंट बोर्ड बसवायच्या आधी, मशीन एकदा पूर्ण वीस मिनिटं चालवून पाइपच्या प्रत्येक सांध्यावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तर ब्रेझिंग परत.

ओलीभिंत

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणतो ६ किलोवॉट देतो, पण पाइप सीपीव्हीसीच, "आम्ही नेहमी तोच टाकतो". तांब्याचं काम माझ्या प्लंबरकडून करून घेतो आणि त्याच्याकडून फक्त मशीन घेतो.

पाना_नंबर_१४

घ्या, पण मशीनच्या वॉरंटी कार्डवर 'स्टीम लाइन तांब्याची, ग्राहकाने टाकलेली' असं त्याच्याकडून लिहून आणि सही करून घ्या. नाहीतर पुढे एलिमेंट गेला की बोट तुमच्या पाइपकडेच दाखवलं जाईल.